पावती एकाची, मत दुसऱ्याला : कामगारांचा प्रतिनिधी ठरतो कसा, होमी दाजींच्या कारकिर्दीतून

नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांनी २९ जुने कायदे पोटात घेतले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती ग्रॅच्युइटीची, पगाराच्या नव्या व्याख्येची आणि हातात पडणारी रक्कम वाढणार की घटणार याची. ते साहजिकच आहे, खिशाचा प्रश्न आधी. पण यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्क्यांचा एक नियम आहे. कारखान्यात एकाहून अधिक कामगार संघटना असतील, तर ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार असतील तीच मालकाशी बोलणी करणारी एकमेव संघटना ठरेल.

वाचताना हे अगदी सरळ वाटतं. बहुमत ज्याचं, बोलणं त्याचं. मग यावर कामगार संघटना इतकी वर्षं का भांडत आल्या? कायद्याच्या पुस्तकात शिरून हे समजून घेता येईल, पण इंदुरात बसलेल्या माणसाला एक जवळची वाट आहे. ती वाट म्हणजे होमी दाजी यांची राजकीय कारकीर्द. इंदूरने लोकसभेत पाठवलेला हा एकमेव कम्युनिस्ट. त्यांच्या १९६२ च्या विजयात या नियमाची सगळी गुंतागुंत सापडते.

आधी माणूस

होमी दाजी पारशी होते. जन्म १९२६ चा, मुंबईतला. लहानपणीच कुटुंबासोबत इंदुरात आले आणि मग इथलेच झाले. भारतीय कम्युनिस्ट पक्षात त्यांनी आयुष्य काढलं. १९५७ मध्ये ते इंदुरातून मध्य प्रदेश विधानसभेवर गेले, १९६२ मध्ये लोकसभेवर आणि १९७२ मध्ये पुन्हा विधानसभेवर. पुढे ते आयटक या कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वातही होते. २००९ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी पेरीन दाजी याही त्याच चळवळीतल्या.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. इंदुरात पारशी मतदार किती असतील? निवडणूक जिंकण्याच्या हिशेबात न धरण्याइतके कमी. जातीची, समाजाची, भाषेची गठ्ठा मतं पाठीशी नसलेला हा उमेदवार होता. त्याला मतं मिळाली ती मिलच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्त्यांतून.

तेव्हाचं इंदूर आजच्या तरुणांना ओळखू येणार नाही. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल, भंडारी मिल अशी ही रांग होती. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर हा सगळा पट्टा मिलच्या पाळ्यांवर उठायचा आणि झोपायचा. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरांत मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहणारे थोडे. शाळा, कचेरी आणि जुनी होळकरी नोकरी हे आपलं जग. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला आपण सगळे रस्त्यावर असायचोच. मिल बंद झाल्या, झाँक्या अजून निघतात.

पक्ष वेगळा, संघटना वेगळी

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण बातम्यांत त्या नेहमी एकात एक मिसळलेल्या असतात.

राजकीय पक्ष निवडणूक लढवतो. कामगार संघटना मालकाशी मजुरी, बोनस, पाळ्या, बडतर्फी यांबद्दल बोलणी करते. आपल्याकडे मात्र बहुतेक मोठ्या संघटना कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या सावलीत वाढल्या. आयटक ही यांतली सर्वांत जुनी मध्यवर्ती संघटना. ती १९२० मध्ये मुंबईत स्थापन झाली, पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. पुढे तिच्यावर कम्युनिस्टांचा प्रभाव वाढत गेला. स्वातंत्र्याच्या तोंडावर, मे १९४७ मध्ये, काँग्रेसच्या वळणाच्या कामगार नेत्यांनी इंटक ही वेगळी मध्यवर्ती संघटना काढली. दाजी आयटकचे. इंदूरच्या मिलमध्ये जम होता तो इंटकच्या इंदूर मिल मजदूर संघाचा आणि त्याचे मोठे नेते होते रामसिंहभाई वर्मा.

इथपर्यंत कुठल्याही औद्योगिक शहराची गोष्ट वाटेल. पुढचा भाग कायद्याचा आहे.

'प्रातिनिधिक संघटना' म्हणजे काय

एका वसाहतीत शंभर घरं आहेत असं समजा. पाण्याचा, लिफ्टचा, पार्किंगचा प्रश्न आहे आणि बिल्डरशी बोलायचं आहे. सगळे शंभर जण बोलायला गेले तर काहीच ठरणार नाही, म्हणून नियम केला : ज्या गटाकडे निदान २५ घरांच्या वर्गणीच्या पावत्या असतील, आणि त्या इतर गटांपेक्षा जास्त असतील, तो गट सगळ्यांच्या वतीने बोलेल. पावत्या तपासेल सरकारी अधिकारी. त्या गटाने जे कबूल केलं ते शंभरही घरांवर बंधनकारक. बाकीच्यांशी बोलायला बिल्डर बांधील नाही. उरलेल्या ७५ घरांचं काय? त्यांतल्या चाळीसांनी पावतीच फाडली नसेल, पस्तीस जण दोन-तीन गटांत विभागलेले असतील. ते गच्चीवर सभा घेऊ शकतात, घोषणा देऊ शकतात. कागदावर मात्र सही त्या एकाच गटाची.

मध्य प्रदेशचा १९६० चा औद्योगिक संबंध कायदा ढोबळ मानाने हेच करत होता. पंचवीस टक्के सभासद असलेली संघटना 'प्रातिनिधिक' म्हणून नोंदली जाई, आणि तिला हलवायचं तर तिच्याहून जास्त सभासद दाखवावे लागत. यात आणखी एक मेख होती. मोजणी एकेका मिलची नव्हे, एका भागातल्या एका उद्योगाची. म्हणजे इंदूरच्या सगळ्या कापड मिल मिळून एक. एखाद्या मिलमध्ये आयटकवाल्यांचं पारडं जड असलं, तरी गावभरच्या हिशेबात इंटक पुढे असेल तर त्या मिलमध्येही सही इंटकचीच.

हा कायदा भोपाळला आकाशातून पडला नाही. तो मुंबईहून आला. मुंबई राज्यात १९४६ मध्ये औद्योगिक संबंध कायदा झाला, तेव्हा गुलझारीलाल नंदा तिथे मजूरमंत्री होते. नंदा मूळचे अहमदाबादच्या मजूर महाजनचे, म्हणजे गांधीजींच्या विचाराने चालणाऱ्या संघटनेचे. एका उद्योगात एकच मजबूत संघटना असावी, मालकाशी संघर्षापेक्षा लवादाने निकाल लावावा, ही त्यांची धारणा. मध्य भारत राज्याने १९४९ मध्ये हा मुंबईचा कायदा थोड्या फेरफाराने उचलला, आणि १९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश झाल्यावर १९६० मध्ये त्याच धाटणीचा स्वतंत्र कायदा आला. इंदूरच्या मिल कामगाराचं नशीब मुंबईच्या कापड गिरण्यांच्या चौकटीत बसवलेलं होतं, हे आपल्यापैकी अनेकांना आजही माहीत नसतं.

त्याच्याही आधीची कडी इंदूरजवळच्या महूपाशी जोडता येते, म्हणून सांगतो. १९४६ च्या आधी मुंबईत १९३८ चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्याच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. त्या संपात कम्युनिस्ट आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र होते. एरवी या दोघांचं फारसं पटत नसे. बाबासाहेबांचा आक्षेप साधा होता : संप करणं म्हणजे आपलं काम थांबवण्याचा हक्क, तोच गुन्हा ठरवला तर माणूस गुलाम होतो. आणि कुठली संघटना खरी हे सरकारने ठरवायला त्यांचा विरोध होता. महूत जन्मलेल्या माणसाने तेव्हा घेतलेला हा आक्षेप पुढे महूपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या मिलमध्ये तसाच्या तसा लागू पडला.

१९६२ : दोन मोजण्या, दोन निकाल

फेब्रुवारी १९६२. लोकसभेची तिसरी निवडणूक. इंदूरमधून काँग्रेसने उभं केलं रामसिंहभाई वर्मांना, म्हणजे कायद्याने मान्य असलेल्या मिल संघटनेच्या नेत्यालाच. समोर होमी दाजी, ज्यांच्या संघटनेला मालकाच्या टेबलापाशी खुर्ची नव्हती. निकाल लागला आणि दाजी दिल्लीला गेले. देशभर काँग्रेसला ३६१ जागा मिळालेल्या असताना हे घडलं.

गोंधळ इथेच होतो. कामगारांचा बहुसंख्य प्रतिनिधी रामसिंहभाई असतील तर कामगारांच्या शहरात ते हरले कसे? आणि दाजी असतील तर त्यांची संघटना मान्यताप्राप्त का नव्हती?

उत्तर असं, की दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या.

पावती उघड असते. कोणी कोणाची फाडली हे जॉबरला, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्याला, कळतं, बाजूच्या साच्यावरच्या माणसाला कळतं, मुकादमाच्या कानावर जातं. शिवाय तिच्यात व्यवहार असतो. बदली कामगाराला, म्हणजे दुसऱ्याच्या गैरहजेरीत कामावर घेतलेल्याला, कायम व्हायचं आहे, कोणाला घरासाठी अर्ज करायचा आहे, कोणाचं निलंबन मागे घ्यायचं आहे. ही कामं मान्यताप्राप्त संघटनाच करू शकते, कारण मालक ऐकतो तो तिचंच. मग शहाणा माणूस पावती तिचीच फाडणार. यात भित्रेपणा शोधायचं कारण नाही, हा संसाराचा हिशेब आहे.

मत गुप्त असतं. तिथे घरवाटप नाही, निलंबन नाही. तिथे माणूस स्वतःला विचारतो की माझ्या वतीने कोणी मोठ्याने बोलावं. आणि मत देतो तो फक्त कामगार नव्हे. त्याची बायको देते, वस्तीतला किराणावाला देतो, ज्याच्या उधारीच्या वहीत मिलचा पगार आधीच लिहिलेला असतो. शिंपी देतो, सायकल दुरुस्तीवाला देतो. मिलच्या शहरात मजुरी हा एका माणसाचा प्रश्न नसतो. पावतीच्या रजिस्टरात ही सगळी माणसं नव्हती.

माझ्या मते दाजींच्या कारकिर्दीचं मर्म इथे आहे. एकच कामगार सकाळी इंटकची पावती खिशात ठेवून दुपारी दाजींना मत देऊ शकत होता, आणि दोन्ही वेळा तो शहाणपणानेच वागत होता.

"म्हणजे मान्यताप्राप्त संघटना खोटी होती का?"

हा आक्षेप डाव्या वळणाचे लोक फार चटकन घेतात, आणि मला तो पटत नाही. इंटकच्या पुढाऱ्यांनी इंदुरात कामं केली आहेत. नंदानगरची कामगार वसाहत हे त्यातलं सर्वांत दिसणारं, आणि ते नाव गुलझारीलाल नंदांचंच. आणखी एक पुरावा निवडणुकीतलाच आहे. १९७२ च्या सुरुवातीला इंदूरचे खासदार प्रकाशचंद्र सेठी मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत रामसिंहभाई वर्मा लोकसभेवर निवडून आले. ज्या शहराने दहा वर्षांपूर्वी त्यांना नाकारलं त्यानेच त्यांना पाठवलं. आणि त्याच वर्षी दाजी विधानसभेत गेले! इंदूरच्या मतदाराने दोघांनाही पूर्ण नाकारलं नव्हतं, हे यातून दिसतं.

खोटी संघटना हा मुद्दा नाही. एकदा कायद्याने खुर्ची दिली की ती खुर्ची स्वतःच सभासद गोळा करते, हा मुद्दा आहे. कामं होतात म्हणून सभासद, सभासद आहेत म्हणून खुर्ची. हे चक्र फिरत राहतं आणि बाहेरच्या संघटनेला आत यायला वाट उरत नाही. उरतो तो संप किंवा मतपेटी. दाजींनी मतपेटीची वाट धरली.

"कम्युनिस्ट होते तर अपक्ष का?"

१९६२ च्या निवडणूक नोंदींत दाजींच्या नावापुढे अपक्ष असं आहे. नवख्या वाचकाला हे लबाडीचं वाटतं. त्या काळात ते तसं असाधारण नव्हतं. कानपूर बघा. तिथून एस. एम. बॅनर्जी १९५७ पासून चार वेळा लोकसभेत गेले, तेही कामगार नेते आणि तेही डाव्यांच्या पाठिंब्यावर अपक्ष. ज्या शहरात पक्षाची स्वतःची ताकद काठावर आहे, पण काँग्रेसवर नाराज माणसं बरीच आहेत, तिथे लाल झेंडा थोडा मागे ठेवून सर्वांचा उमेदवार म्हणून उभं राहणं फायद्याचं ठरे. समाजवादी, नाराज काँग्रेसवाले, धंदेवाले यांना विळा-कणसावर शिक्का मारणं जड जातं. माणसावर मारणं जात नाही. दाजी कम्युनिस्ट आहेत हे इंदुरात कोणापासून लपलेलं नव्हतं.

"खासदार होऊन कामगारांना काय मिळालं?"

प्रश्न रास्त आहे. विरोधी बाकावरचा एक खासदार मिलचा दरवाजा उघडू शकत नाही. पण मजुरीचे काही प्रश्न गावात सुटतच नाहीत, ते दिल्लीतच सुटतात. बोनस घ्या. दिवाळीचा बोनस म्हणजे मालकाची कृपा की कामगाराचा हक्क, हा वाद वर्षानुवर्षं लवादांपुढे चालला. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या खटल्यातून नफ्यातला वाटा काढायचं एक सूत्र आलं. सूत्राचा अडचणीचा भाग असा, की नफा दाखवलाच नाही तर वाटाही नाही. मग आयोग बसला आणि १९६५ मध्ये बोनस देण्याचा कायदा झाला. नफा असो की तोटा, किमान चार टक्के बोनस द्यावाच लागेल असं त्यात आलं. पुढे ते प्रमाण ८.३३ टक्के झालं, म्हणजे जवळपास एका महिन्याचा पगार. दाजी ज्या लोकसभेचे सदस्य होते त्याच लोकसभेत हा कायदा झाला. श्रेय एकट्या कोणाचं नाही. पण १९६२ च्या त्या सभागृहात कम्युनिस्टांचे २९ सदस्य होते, विरोधकांत सर्वाधिक, आणि मजुरांची बाजू मांडायला मिल-वस्तीतून आलेली माणसं तिथे होती. आज लोकसभेत अशी माणसं शोधावी लागतात.

"मग पुन्हा का निवडून आले नाहीत?"

लोकसभेवर ते पुन्हा गेले नाहीत. १९६७ मध्ये इंदूरची जागा काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींकडे परतली. कारणं एकात एक गुंतलेली आहेत आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत जड कारण चीन. दाजी निवडून आले त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं. कम्युनिस्ट पक्षाकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, अनेक पुढारी तुरुंगात गेले, आणि पक्षाच्या आतला झगडा इतका वाढला की १९६४ मध्ये पक्ष फुटला. दाजी जुन्या भारतीय कम्युनिस्ट पक्षातच राहिले. ज्यांनी त्यांना माणूस बघून मत दिलं होतं, त्या मिलबाहेरच्या मतदाराला पुन्हा बोलावणं या वातावरणात सोपं नव्हतं.

दुसरं, लोकसभेचा मतदारसंघ मिलच्या भिंतींपाशी संपत नाही. त्यात बाजार आहे, खेडी आहेत. विधानसभेचा मतदारसंघ लहान, त्यात कामगार वस्तीचा वाटा मोठा. म्हणून १९७२ मध्ये दाजी विधानसभेत पोचले, लोकसभेत नाही. तोवर देशपातळीवर त्यांचा पक्ष इंदिरा काँग्रेसच्या बराच जवळ गेला होता. काँग्रेसविरोधी मताची जागा त्यामुळे रिकामी झाली, आणि १९७७ मध्ये इंदूरने समाजवादी परंपरेतल्या कल्याण जैन यांना जनता लाटेत दिल्लीला पाठवलं. आणीबाणीला पाठिंबा देऊन भारतीय कम्युनिस्ट पक्षाने स्वतःचं किती नुकसान केलं यावर त्या पक्षानेही नंतर बरंच काही कबूल केलं आहे, मी भर घालत नाही.

आणि मग मिलच गेल्या. १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरने सुमित्राताई महाजनांना निवडलं. हा काळ आणि मिल बंद पडण्याचा काळ एकमेकांवर बसतात. त्यात कार्यकारणभाव शोधायची घाई करू नये. तरी जो मतदार स्वतःला आधी मिल कामगार समजत होता, तो मिलचा भोंगा थांबल्यावर स्वतःला दुसऱ्या नावाने ओळखू लागला, एवढं म्हणायला हरकत नाही.

हुकुमचंद मिलची गोष्ट तर अलीकडचीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायक (बंद कंपनीची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी) आणि संघटनांच्या प्रमुखांकडे दिला गेला. तीस वर्षं. मधल्या काळात अनेक कामगार वारले. पैसे वारसांच्या हाती आले. काम थांबलं तरी प्रतिनिधी कोण हा प्रश्न थांबत नाही, हे लक्षात ठेवायला हा एक दाखला पुरेसा आहे.

मुंबईतही हेच घडलं

ज्यांना इंदूर लांबचं वाटतं त्यांनी १९८२ आठवावं. जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. कायद्याने मान्य संघटना होती इंटकची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. गिरणीमालक आणि सरकार म्हणे, बोलणी तिच्याशीच. कामगार म्हणे, आम्ही सगळे इकडे आहोत. कामगारांच्या मागण्यांत मजुरीइतकीच मोठी मागणी होती १९४६ चा तो कायदा रद्द करण्याची. संप मोडला. तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही असंही म्हणतात. पण १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत, त्याच सामंतांना मुंबईने अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. सामंत कम्युनिस्ट नव्हते, त्यांची रीत आणि दाजींची रीत यांत बराच फरक. प्रसंगाची घडण मात्र तीच. रजिस्टरात एक, मतपेटीत दुसरा.

कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे १९५७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आले तेही याच जातीचं उदाहरण म्हणून देतात. मी देणार नाही, कारण तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती आणि त्या लाटेत गिरणीचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

"मग कारखान्यातच गुप्त मतदान का घेत नाहीत?"

सर्वांत साधा उपाय वाटतो ना? आयटकसारख्या डाव्या संघटना हेच मागत आल्या. इंटकचा कल सभासद तपासणीकडे. त्यांचाही युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे : निवडणुकीच्या आठवड्यात कोणीही अवाच्या सवा मजुरी कबूल करून मतं मिळवेल, वर्षभर वर्गणी भरणारा सभासद हीच निष्ठेची खरी खूण. याला अगदीच अर्थ नाही असं नाही. पण याच तर्काने आमदार-खासदारही पक्षाच्या पावत्या मोजूनच नेमता येतील, आणि ते आपल्याला चालणार नाही.

न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये संघटनेला मान्यता देणं सक्तीचं करा असं सुचवलं. तपासणी की मतदान, हा निर्णय मात्र प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगांवर सोडला. म्हणजे नेमका गाठीचा भाग बाजूला ठेवला गेला. तो तिथे बराच काळ राहिला.

आता ५१ टक्के

नवी संहिता या जुन्या भांडणाला काय उत्तर देते? एक सुधारणा सरळ दिसते : पंचवीस टक्क्यांवर सगळ्यांच्या वतीने सही करण्याची सोय नाही, ५१ लागतील. कोणाकडेच ५१ नसतील तर किमान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांचं मिळून एक मंडळ होईल आणि ते बोलणी करेल. १९६० च्या चौकटीत दाजींच्या संघटनेला मिळाली नाही ती खुर्ची अशा मंडळात मिळू शकते. मोजणी गावभरच्या उद्योगाची नसून त्या त्या आस्थापनेची आहे, हेही महत्त्वाचं. मालवा मिलचा निकाल हुकुमचंद मिलच्या पावत्यांवर ठरणार नाही, अर्थात दोन्ही मिल असत्या तर.

अडचणी दोन. सभासद कसे मोजायचे, हे संहितेने नियमांवर सोडलं आहे. पावती की गुप्त मत, यावर सगळं अवलंबून आहे हे इतका वेळ आपण बघितलं. म्हणून संहितेपेक्षा आपल्या राज्याचे नियम नीट वाचा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ५१ टक्के कोणाचे? आस्थापनेच्या हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर, असलेल्या कामगारांचे. मिलच्या काळात हे पुरेसं होतं. बदली असो की कायम, माणूस मिलच्याच मस्टरवर असे. आता इंदूरपासून जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत चला. एखाद्या कारखान्यात कायम कामगार शंभर आहेत आणि ठेकेदारामार्फत आलेले तीनशे, असं धरा. हे तीनशे ठेकेदाराच्या मस्टरवर. मग मोजणी शंभरांची, ५१ जण मिळाले की बोलणारी संघटना ठरली, आणि एकाच शेडमध्ये एकाच यंत्रावर शेजारी उभे असलेले तीनशे त्या मोजणीत नाहीत. त्यांनी वेगळी संघटना केली तर बोलणी ठेकेदाराशी करायची. ठेकेदार सांगणार, मला कारखान्याकडून माणशी इतकाच दर मिळतो, त्यातून वाढवू कुठून. हा दर ठरतो कारखान्याच्या खरेदी विभागात, आणि तिथे कुठल्याच संघटनेला बोलावलं जात नाही.